पार्टी लाइनवर आली की

लेकीने हे सगळं जुळवून आणलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं होतं, की पडद्यावरून दुसऱ्याचा संसार दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. ती म्हणाली, "आई, फक्त सहा मंगळवार. सकाळी अकरा ते बारा. त्यानंतरही तुला मावशीकडे राहायला जायचं असेल, तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन." लेक माझीच, त्यामुळे सौदा कसा करायचा हे तिला ठाऊक आहे. मी सहा मंगळवार कबूल केले आणि अर्धी भरलेली बॅग पलंगाखाली ढकलली. रिकामी मात्र केली नाही.

मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. ताई एकटी राहते, घर मोठं आहे, आणि मुख्य म्हणजे ती बोलते. या वयात माझी तेवढीच अपेक्षा उरली होती, की समोरच्या माणसाने बोलावं. आमच्या ह्यांनी वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तसे ते कधीच बोलघेवडे नव्हते, निवृत्तीनंतर आणखी आटले. मग गेल्या वर्षी भाजीच्या दुकानात रांगेत उभे असताना त्यांची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. दुकानदाराने खुर्ची दिली, कोणीतरी घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत होतं. ही घबराट आहे म्हणाले, मनावर ताण आहे, कोणाशी तरी मोकळेपणी बोला.

बोलतात कसले! काय झालं होतं विचारलं की "काही नाही." आता कसं वाटतंय विचारलं की "ठीक." तिसरा शब्द काढायचा तर चिमटा घेऊन बसावं लागायचं. घराबाहेर पडणं बंद झालं. दिवसभर मी या खोलीत, हे त्या खोलीत, आणि मध्ये फ्रिज गुरगुरतोय. आमच्या घरात सगळ्यात जास्त तोच बोलायचा.

आणि गंमत अशी, की आमची दोघांची उभी हयात बोलण्यावर गेली. आम्ही टेलिफोन ऑपरेटर होतो. बोलणं अर्थात दुसऱ्यांचं.

पहिला मंगळवार आम्ही सोफ्यावर शेजारी शेजारी बसून काढला. पडद्यावर समुपदेशक म्हणून एक मुलगी आली, आमच्या लेकीच्याच वयाची, कानांवर मोठाले हेडफोन. मी मनातल्या मनात तिचं नाव कानवाली ठेवून टाकलं. आम्हाला काका-काकू म्हणाली, गोड हसली आणि ह्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं, इथे आपण कशासाठी भेटतोय?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं. तिने दुसरा प्रश्न विचारला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं. तासभर असंच चाललं. शेवटी कानवाली म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसाल का?"

मला जरा झोंबलं. पण खरं होतं ते.

दुसऱ्या मंगळवारी मी झोपायच्या खोलीत लेकीने दिलेला टॅब घेऊन बसले, आणि हे स्वयंपाकघरात तिचा जुना लॅपटॉप घेऊन. मध्ये एक भिंत. हेडफोन मात्र दोघांनी लावायचे, नाहीतर आवाज घुमतो. सुरुवातीला ह्यांचा चेहरा चौकोनात दिसत होता, घामेजलेला, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा. कानवालीच्या लक्षात आलं. "काका, कॅमेऱ्याचा त्रास होत असेल तर बंद करा. नुसत्या आवाजाने काम भागेल."

ह्यांनी कॅमेरा बंद केला. चौकोन काळा झाला. मग खाकरल्याचा आवाज आला, आणि थेट माझ्या कानात कोणीतरी म्हणालं, "हॅलो. येतोय का आवाज?"

माझ्या अंगावर काटा आला. मी तो आवाज पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. तुम्ही म्हणाल, रोज एका घरात राहता की. हो, पण घरातला आवाज निराळा, तो हवेतून येतो, अर्धा भांड्यांच्या आवाजात हरवतो, अर्धा मी ऐकतच नाही. हा आवाज तारेतला होता. खालच्या पट्टीतला, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेला. या आवाजाशी मी लग्न केलं होतं.

तेव्हाचं सांगते. आमच्या एक्स्चेंजचा हॉल लांबलचक होता. भिंतीला लागून उभे बोर्ड, बोर्डावर शेकडो भोकं, पुढ्यात तारांच्या जोड्या आणि चिमुकले दिवे. उंच स्टुलांवर आम्ही अठरा बायका, डोक्याला हेडसेट, छातीवर बोलायचा कर्णा बांधलेला. परगावचा कॉल मागितला की आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला गाठायचं, त्याने तिकडचा नंबर लावायचा, आणि दोन्हीकडची माणसं आली की म्हणायचं, "पार्टी लाइनवर आहे, बोला." तिथे नावं नसायची. मी सात नंबरच्या बोर्डावर बसायची म्हणून सात नंबर. दूरच्या त्या गावचा एक ऑपरेटर होता, तो बारा नंबर.

लाइन मिळेपर्यंत थांबावं लागायचं, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. दुपारी दोन ते चार तर सगळं जग झोपलेलं. त्या वेळात आम्हा ऑपरेटरांच्या आपसातल्या तारेवर बारा नंबर बोलायचा. काय सांगू, किती बोलायचा! त्यांच्या हॉलच्या खिडकीतून दिसणारा पाण्याचा टॉवर, त्याच्या आईची शिवणकामाची मशीन, बुटाचा तळ निघाल्यावर तो पुठ्ठा घालून कसा कामावर आला, सगळं. "अहो सात नंबर," म्हणायचा, "आज तुमचा आवाज बसलाय, गरम पाणी प्या." दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मग एकदा स्टेशनवर भेटायचं ठरलं. त्याने निळा शर्ट घालतो सांगितलं होतं, आणि फलाटावर निळ्या शर्टांचा सुकाळ. मी तिघांसमोरून पुढे गेले. मागून एक जण हमालाला म्हणाला, "जरा बाजूने जाता का?" आणि मी गर्रकन वळले. तोच तो.

लग्न झालं, ह्यांनी बदली मागून घेतली, आमच्याच एक्स्चेंजमध्ये आले, आणि तिथेच बिनसलं. एका हॉलमध्ये बसणाऱ्या दोघांना मध्ये तार लागत नाही. ती गेली आणि बोलणंही गेलं. मी पुष्कळ वर्षं समजत होते, की मी प्रत्यक्षात ह्यांना आवडले नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ताईलासुद्धा नाही.

तर तिसऱ्या मंगळवारी हे बरंच बोलले. झोप लागत नाही म्हणाले. दुकानात कसं झालं ते मात्र नाही. कानवालीने विचारलं, तर "ते पुढे कधीतरी." तरी मी खुश होते. त्या आठवड्यात मी आरशात बघून वेणी घातली, खोटं कशाला बोलू.

चौथ्या मंगळवारी कानवाली म्हणाली, "काकू, आज तुम्ही सांगा. काकांबद्दल एखादी गोष्ट, जी मनात राहून गेली."

माझ्याकडे ती तयारच होती, एकोणीस वर्षं जपून ठेवलेली. माझी आई गेली त्या दिवशीची. दुपारची वेळ, चार वाजले असतील, ताईचा फोन आला. फोन ह्यांनी घेतला आणि "हं, देतो" म्हणून माझ्या हातात दिला. ताई म्हणाली, आई गेली. मी तिथेच जमिनीवर बसले. हे दारात उभे होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे येऊन नुसता खांद्यावर हात ठेवला असता तरी पुरे होतं. हे वळले आणि दार ओढून घेऊन बाहेर गेले. ऊन उतरलं, अंधारून आलं, मी एकटी बसून. शेवटी मीच उठून बाहेर आले, तर हे उभे. म्हटलं, कुठे होतात? तर म्हणाले, "इथेच." एवढंच, "इथेच."

हे सगळं मी कानवालीला सांगायला सुरुवात केली. "माझी आई गेली त्या दिवशी ताईचा फोन आला," एवढंच म्हणाले असेन, तर कानात बारीकसा टक् आवाज झाला. पाहिलं तर ह्यांचा काळा चौकोन नाहीसा. कॉल सोडून गेले होते.

"बघितलंत?" मी कानवालीला म्हटलं. "बघितलंत ना? पुन्हा तेच. पुन्हा दार ओढून घेतलं माणसाने." मग मला पुढे बोलता येईना. ती बिचारी "काकू, पाणी प्या, मी आहे" म्हणत राहिली. बारा वाजता मी खोलीतून बाहेर आले, तर हे स्वयंपाकघराच्या बाहेर पॅसेजमध्ये उभे, हात मागे बांधून. मी काही विचारलं नाही. काय उत्तर मिळणार ते ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी ताईला फोन केला, रविवारी येते म्हणून. येते म्हणजे राहायलाच. पलंगाखालची बॅग ओढली आणि उरलेली अर्धी भरली. ह्यांनी पाहिलं. बॅगेची एक चेन अडकत होती, ती मुकाट्याने मेणबत्ती घासून सुरळीत करून दिली. आता काय म्हणावं या माणसाला? माझा असा संताप झाला, की मी ती चेन पुन्हा अडकवावी असं वाटलं.

पाचव्या मंगळवारी मी टॅब उघडला तो केवळ लेकीला शब्द दिला होता म्हणून, आणि कानवालीला राम राम करावा म्हणून. हे स्वयंपाकघरात बसले होते. माझा मोबाइलही तिथेच ओट्यावर चार्जिंगला लावलेला.

"मी रविवारी चाललेय," मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "तुमचा काही दोष नाही, बाळ. तुम्ही चांगल्या आहात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय."

कानवाली म्हणाली, "काका, एक विचारू? मागच्या वेळी काकू बोलत असताना तुम्ही कॉल का सोडलात?"

मी मनात म्हटलं, आता येणार "काही नाही."

पण कानात तो तारेतला आवाज आला. थोडा गोंधळलेला. "का म्हणजे? पार्टी बोलायला लागली ना."

"कोण पार्टी?"

"ही. तुमच्याशी बोलायला लागली. तिची खाजगी गोष्ट होती. दोन्हीकडची पार्टी लाइनवर आली की ऑपरेटरने बाहेर पडायचं असतं. ऐकत बसायचं नसतं." मग जरा अभिमानाने, "मी एकतीस वर्षांत एकदाही कोणाचं ऐकलेलं नाही. विचारा हिला."

हे खरं होतं. आम्ही बाकीचे सगळे कधी ना कधी कान लावायचो. मी तर एका शिंप्याचं लग्न जुळेपर्यंतचे सगळे कॉल ऐकले होते. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, मऊ सपाता घालून पाठीमागून फिरायच्या, तरी आम्ही ऐकायचोच. हे एकटेच असे, की "बोला" म्हटलं आणि कळ बंद. मोठ्या बाई सगळ्यांना ह्यांचं उदाहरण द्यायच्या. आम्हाला तेव्हा त्याचा राग यायचा.

माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. लेकीचा फोन आला की हे उचलणार, "हं, आईला देतो," आणि खोलीबाहेर. आयुष्यभर. लेक लहानपणी रुसायची, बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. माझी मैत्रीण घरी आली की चहा ठेवून हे बाहेर. आम्हाला वाटायचं, ह्यांना आमचा कंटाळा येतो.

आणि मग मला ते दार आठवलं. मी ओरडलेच. "अहो, आणि आई गेली तेव्हा? तेव्हा कसली पार्टी?"

"तू ताईशी बोलत होतीस."

"ताईचा फोन पाच मिनिटांत संपला होता!"

"मला कसं कळणार? तू रिसीव्हर खाली ठेवला नव्हतास."

मी टॅब जवळ ओढला.

"मी दाराला कान लावला नाही," हे सांगत होते, "पण रिसीव्हर ठेवल्याचा आवाज बाहेर येतो. तो आला की आत जायचं, असं ठरवून उभा होतो. तो आलाच नाही. बोर्डावर कसं, पार्टीने फोन ठेवला की दिवा लागतो. घरी दिवा कुठला? नुसता उभा राहिलो. मध्ये एकदा वाटलं, जावं आत. पण दोघी बहिणी आईसाठी रडत असणार, मी मध्ये कशाला. मग तूच बाहेर आलीस. म्हणालीस, कुठे होतात."

"इथेच," मी म्हटलं.

"हो. इथेच होतो. चार वाजल्यापासून."

तो रिसीव्हर माझ्या मांडीत होता. मला आठवलं. अंधार पडेपर्यंत मी तो मांडीत धरून बसले होते, मांजर धरून बसावं तसा. आणि दाराच्या पलीकडे, दोन हातांवर, हा माणूस तो खाली ठेवण्याची वाट बघत तीन तास उभा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत. मी एकोणीस वर्षं या माणसाला मनात शिव्या दिल्या होत्या.

मी रडत होते हे त्यांना ऐकू जात असणार, कारण हे घाईने म्हणाले, "बरं, तुम्ही बोला. मी ठेवतो."

"काका, थांबा!" कानवाली एवढ्या मोठ्याने ओरडली, की मीसुद्धा दचकले. "ठेवू नका. तुम्ही ऑपरेटर नाही आहात. काकू गेले चार आठवडे माझ्याशी बोलतच नाहीयेत, त्या तुमच्याशी बोलतायत. इथे ऑपरेटर मी आहे. पार्टी तुम्ही आहात."

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

"मी?" हे म्हणाले.

"तुम्ही. आणि तुमचा नियम मला आवडला, म्हणून आता मी बाहेर पडते. लाइन चालू राहील. बोला." आणि त्या पोरीने टक् करून स्वतःला काढून घेतलं. मोठ्या बाई असत्या तर तिला त्याच दिवशी कायम केलं असतं.

आता पडद्यावर फक्त मी आणि तो काळा चौकोन. माझ्या कानात ह्यांचा श्वास येत होता. लग्नाआधी लाइन मिळेपर्यंत यायचा, तसाच.

मी म्हटलं, "बारा नंबर, आहात का?"

"आहे."

"मला वाटायचं, मी तुम्हाला प्रत्यक्षात आवडले नाही."

"हॅ," हे म्हणाले. आणि मग, "मला वाटायचं, तुला आवाजच आवडला होता. माणूस बघितल्यावर काय बोलायचं ते मला कळेना. समोर तू बघायला लागलीस की माझं सगळं विसरायचं. अजून विसरतं."

आम्ही दोघंही थोडे हसलो. मग मी म्हटलं, "त्या दिवशी काय झालं होतं, दुकानात?"

"काय झालं... रांगेत उभा होतो. पुढे चार माणसं. एकदम छातीत सुरू झालं, आणि मला खात्रीच पटली की आता संपलं. भीती मरणाची नव्हती गं. म्हणजे होती. पण मनात एकच, की हिला सांगायचं राहिलं. मी खिशातून फोन काढला, तुझा नंबर लावला आणि—"

तेवढ्यात फोन वाजला. माझा मोबाइल, ओट्यावरचा. एकदा कानात वाजत होता आणि एकदा भिंतीतून. मंगळवारी बारा वाजता मला फोन करणारं माणूस एकच. रविवारी कोणत्या गाडीने येतेस, ते विचारायला ताई.

खुर्ची सरकली. हे उठले. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढचं मला पाठ होतं. "हं ताई, देतो तिला." मग दाराशी पावलं, माझ्या हातात फोन, आणि हे बाहेर. पुन्हा दुकानात काय झालं ते मी विचारणार नव्हते, आणि हे सांगणार नव्हते.

"हॅलो," कानात आवाज आला. सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. "हो ताई, मीच बोलतोय. नाही, आत्ता देता येणार नाही. लाइन बिझी आहे."

पलीकडे ताई काहीतरी बोलली असावी. ती थोडक्यात ऐकणाऱ्यांतली नाही.

"कोणाशी म्हणजे? माझ्याशी," हे म्हणाले. "तुम्ही नंतर करा."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची पुन्हा पुढे सरकली. मी डोळे उघडले, तर पडद्यावरचा काळा चौकोन उजळलेला, आणि त्यात हे. चष्मा कपाळावर, नाक लाल, कॅमेऱ्यात भलतीकडेच बघणारे.

"हं," हे म्हणाले. "कुठे होतो आपण?"

"भाजीच्या दुकानात," मी म्हटलं. "पुढे चार माणसं होती. बोला."